वर्गात यादी मोठ्यानं वाचू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम जयभीम, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. झेडपीच्या शाळेत आता फक्त 'त्या' लोकांचीच पोरं उरली आहेत, सरकारनं त्यांना पुस्तकं दिली, गणवेश दिले, खिचडी दिली, पण त्यांच्यात मुळात शिकायची आवडच नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. वाचून मला राग आला आणि दोन दिवस तो डोक्यातून गेला नाही, पण मग वाटलं एकट्या त्या माणसाला काय बोलायचं, हेच वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलं आहे, तालुक्याच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं आहे, ऑटोत बाजूला बसलेल्या बाईकडून ऐकलं आहे. आणि खरं सांगते, एकेकाळी मी स्वतःसुद्धा हे बोलली आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे, थोडं लांब होईल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी यवतमाळ जिल्ह्यात २२ वर्षांपासून झेडपीच्या शाळेत शिकवते, त्यातली अकरा वर्षं केळापूर तालुक्यात. आमच्या शाळेच्या एका बाजूला गाव आहे आणि नाल्याच्या पलीकडे कोलामांचा पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. माझे बाबा सालदार होते, आई निंदायला आणि कापूस वेचायला जायची. बाबांना सही येत नव्हती, अंगठा लावायचे, पण १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोपुढे आम्हा तिघा भावंडांना उभं करून सांगायचे की एक वेळ उपाशी राहू पण शाळा नाही सोडायची. आता या घरात शिक्षणाची आवड नव्हती असं कोण म्हणेल? आणि तरी मी पाचव्या वर्गात नापास होता होता वाचली, ते कसं ते सांगते.

आमच्या शाळेत दरवर्षी स्कॉलरशिपचे फॉर्म भरायच्या वेळी गुरुजी वर्गात यायचे आणि म्हणायचे, "चला, बीसीवाले उभे राहा." आम्ही सात जण उभे राहायचो. बाकीची पोरं तरटपट्टीवर बसूनच असायची आणि खालून आमच्याकडे पाहायची. गुरुजी नावं लिहून घ्यायचे, बापाचं नाव विचारायचे, जात विचारायचे, ती मोठ्यानं सांगायला लागायची, आणि हळू सांगितली की म्हणायचे जोरात बोल. गुरुजी वाईट नव्हते, कोणाला कधी मारलं नाही, त्यांना फक्त फॉर्म भरायचे होते. पण त्या दिवशी त्याच तासाला त्यांनी मला पाढा म्हणायला उभं केलं. सतराचा पाढा मला झोपेत पण यायचा, घरी चुलीपाशी आईला म्हणून दाखवायची मी. सतरा सख बेदोनशे असलं काहीतरी तोंडून निघालं आणि वर्ग हसला, आणि मग सतरा साती वर जी अडकली ती अडकली, पुढचं एक अक्षर आठवेना. बाजूला बसणारी माझी मैत्रीण, जिच्यासोबत मी रोज बोरं खायची, ती त्या दिवसानंतर थोडी सरकून बसायला लागली. त्या वर्षी मी गणितात कशीबशी पास झाली. गुरुजींनी बाबांना सांगितलं, पोरीचं लक्ष नाही अभ्यासात.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं होत आली. माझी मुलगी नागपूरला एम.ए. करते आहे, समाजशास्त्र घेतलं आहे, ती मागच्याच्या आधीच्या दिवाळीत घरी आली होती तेव्हा मी तिच्यापुढे तेच बोलली, की पोडावरची पोरं येतच नाहीत गं, त्यांच्या आईबापालाच पडलेली नाही. तर पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई, तू असं बोलून राहिली?" आणि मग तिनं मला एका माणसाबद्दल सांगितलं, जॉन ओग्बू.

हे ओग्बू मूळचे नायजेरियाचे, इग्बो समाजाचे, १९३९ चा जन्म. अमेरिकेत धर्मशास्त्र शिकायला गेले होते, मग मानववंशशास्त्राकडे वळले आणि कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात शेवटपर्यंत शिकवलं, २००३ मध्ये गेले. स्वतः काळे, पण अमेरिकेतले काळे नाहीत, बाहेरून आलेले, म्हणून त्यांना एक प्रश्न पडला जो तिथल्यांना तसा पडत नव्हता, की बाहेरून आपल्या मर्जीनं आलेल्या लोकांची पोरं, भाषा येत नसताना, गरिबी असताना, शाळेत पुढे जातात आणि इथलेच पिढ्यान्‌पिढ्या राहणारे काळे मात्र मागे राहतात, असं का? तेव्हा तिथे दोन उत्तरं चालायची. एक म्हणजे यांची बुद्धीच कमी. दुसरं म्हणजे यांच्या घरात संस्कृतीच नाही, घरात पुस्तक नाही, आईबाप बोलत नाहीत पोरांशी. आपल्याकडे दुसरं उत्तर फार चालतं, संस्काराच्या नावाखाली.

ओग्बूंनी १९७८ मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'कास्ट' म्हणजे जात हा शब्द आहे. त्यात त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांना एकटं नाही पाहिलं, जगभरातले असे समाज बाजूबाजूला ठेवून पाहिले, न्यूझीलंडचे माओरी, जपानचे बुराकू लोक, आणि आपल्या भारतातल्या अनुसूचित जातीसुद्धा. मुलगी हे सांगत होती तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, की अमेरिकेतला एक प्रोफेसर काळ्या पोरांचा प्रश्न समजून घ्यायला आपल्याकडे पाहतो. मग आठवलं की हा रस्ता जुनाच आहे. ज्योतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं होतं. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला शिकायला गेले आणि १९४६ मध्ये काळ्यांचे मोठे विद्वान डू बॉइस यांना त्यांनी स्वतः पत्र लिहिलं होतं.

त्यातली बुराकूंची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. जपानमध्ये बुराकू म्हणजे कातड्याचं काम करणारे, ढोरं कापणारे, मेलेल्यांचं काम करणारे. दिसायला बाकी जपान्यांसारखेच, भाषा तीच, देव तेच, कायद्यानं त्यांचा तो दर्जा १८७१ मध्येच काढून टाकलेला, तरी वस्ती वेगळी, लग्न वेगळं, आणि शाळेत पोरं मागे. मास्तर म्हणायचे यांच्यात आवड नाही. हेच लोक जेव्हा अमेरिकेत गेले, जिथे कोणाला माहीतच नव्हतं बुराकू कोण आणि दुसरा जपानी कोण, तिथे यांची पोरं बाकी जपान्यांच्या पोरांच्या बरोबरीनं शिकली, असं ओग्बूंनी मांडलं. आता सांगा साहेब, रक्त तेच, घर तेच, आईबाप तेच, जेवण तेच, मग बदललं काय? आजूबाजूच्या लोकांची नजर बदलली. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यापुढे तो सतराचा पाढा आला.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती नोकरीची. ते म्हणतात काही समाजांच्या डोक्यावर एक छत बसवलेलं असतं, कितीही शिका, त्या छताच्या वरची नोकरी मिळत नाही, आणि पोरं हे पाहत असतात, आईबाप तोंडानं म्हणतात शिक बेटा पण पोरगं डोळ्यानं पाहतं की शिकलेल्या काकाचं काय झालं. आमच्या पोडावरचा पहिला डी.एड. झालेला पोरगा आहे, मी स्वतः त्याला पुस्तकं दिली होती, तो पास झाला तेव्हा पोडावर सगळ्यांना गूळ वाटला होता. पण २०१२ नंतर कितीतरी वर्षं शिक्षकांची भरतीच बंद होती. पोरगा वाट पाहून पाहून थकला, वय गेलं, आता जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. हंगाम संपला की बांधकामावर आदिलाबादकडे जातो. आता त्याच्या लहान भावाला मी म्हणते शाळेत ये, तर तो माझ्याकडे बघतो आणि काहीच बोलत नाही. एकदा त्याची आई बोलली, "मॅडमजी, मोठ्याले शिकवलं त दहा वर्षं त्याची रोजी बुडाली, लहान्याची कायले बुडवू?" मला उत्तर देता आलं नाही. आवड नाही म्हणणाऱ्यांनी या बाईला उत्तर द्यावं.

ओग्बूंचं आणखी एक काम मला मास्तरीण म्हणून टोचलं. पुस्तकाच्या आधी ते कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन नावाच्या शहरात गरीब वस्तीत दोन वर्षं अभ्यास करत होते, १९६८ ते १९७०. तिथे त्यांनी पोरांची प्रगतिपत्रकं काढून पाहिली. मास्तर शेऱ्यात लिहायचे की मुलात सुधारणा आहे, मेहनत करतो, आणि ग्रेड मात्र दरवर्षी तीच सी. पोरगं वर गेलं काय खाली गेलं काय, सी. हे कळल्यावर मी आमच्या शाळेच्या कपाटातल्या जुन्या मूल्यमापन नोंदवह्या काढल्या. पोडावरच्या एका पोराच्या चार वर्षांच्या नोंदी पाहिल्या, त्याचं नाव इथे लिहीत नाही. शेरा वेगवेगळा, 'वाचनात सुधारणा', 'गटकार्यात सहभाग घेतो', 'बेरीज अचूक करतो', आणि श्रेणी चारही वर्षं क-१. त्यातली दोन वर्षं अक्षर माझं होतं. रात्री जेवण गेलं नाही मला.

ओग्बूंचं सगळंच मला पटलं असं नाही, आणि हे पण लिहायलाच पाहिजे कारण लोक त्यांचं अर्धंच वाक्य उचलतात. १९८६ मध्ये त्यांनी आणि सिग्निथिया फोर्डहॅम यांनी लिहिलं की काही काळी पोरं अभ्यास करणाऱ्या सोबत्याला 'गोऱ्यांसारखा वागतो' म्हणून चिडवतात आणि म्हणून हुशार पोरं पण मागे राहतात. मग २००३ मध्ये ओहायोतल्या शेकर हाइट्स गावच्या डॉक्टर-वकिलांच्या काळ्या पोरांवर लिहिताना त्यांनी पोरांच्या आणि आईबापांच्या मेहनतीवरच जास्त बोट ठेवलं. तिथल्या बऱ्याच काळ्या लोकांना हे फार लागलं, आणि मला वाटतं लागायलाच पाहिजे होतं. १९९८ मध्ये एन्सवर्थ-डार्नेल आणि डाउनी या दोघांनी हजारो पोरांच्या माहितीवरून दाखवलं की शाळेबद्दलची काळ्या पोरांची भावना गोऱ्या पोरांपेक्षा उलट चांगलीच होती. म्हणजे घरात आस होती, अडचण दुसरीकडे होती. आपल्याकडे सुद्धा पोरगा थोडा शुद्ध बोलायला लागला की वस्तीत चिडवतात, "लय पुण्याचा झाला का बे," हे खरं आहे, मलाही चिडवलं होतं. पण त्या चिडवण्यानं माझी शाळा नव्हती सुटत. शाळेत जे व्हायचं त्यानं सुटत होती.

आणि त्या शुद्ध बोलण्यावरून आठवलं. आमच्या पोडावरचं लेकरू घरी कोलामी बोलतं. कोलामी ही मराठीची बोली नाही, तिचं कूळच वेगळं, तेलुगू-गोंडीच्या घरातली भाषा. बाजारात आणि वावरात ते वऱ्हाडी ऐकतं, मले, तुले, कायले. आणि शाळेत पहिल्या दिवशी त्याच्या हातात पुस्तक येतं त्यात मला, तुला, कशाला. सहा वर्षांच्या लेकराला भाषेचे दोन नाले ओलांडून शाळेत यायला सांगतो आपण, आणि ते गप्प बसलं की लिहितो 'अबोल आहे, प्रतिसाद देत नाही'. एकदा आमच्याकडे पाहुणी आलेली एक गोंड पोरगी पहिलीच्या वर्गात बसली होती, तिला मी पाण्याचं चित्र दाखवून विचारलं हे काय, ती गप्प, परत विचारलं, गप्प, मग तिसऱ्यांदा हळूच म्हणाली "येर". बाकी पोरं हसली. उत्तर बरोबर होतं, गोंडीत पाण्याला येरच म्हणतात, पण मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी म्हटलं "नाही बेटा, नीट पाहा." नीट मीच पाहायला पाहिजे होतं. आपल्या घटनेत कलम ३५०-क आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायची सोय राज्यानं करावी म्हणून. ते १९५६ पासून आहे. ज्योतिबांनी तर १८८२ मध्येच इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढे सांगितलं होतं की प्राथमिक शाळेतले मास्तर होता होईल तो शेतकरी वर्गातलेच तयार करा, पोरांत मिसळणारे. आमच्या तालुक्यात कोलामी बोलणारा एक शिक्षक मला दाखवा. जो झाला असता तो गाठी उचलतो आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. मुलीनं मला शेवटी एक प्रयोग सांगितला, आणि हा अमेरिकेतला नाही, आपल्या उत्तर प्रदेशातल्या खेड्यातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी केला, २००४ मध्ये पहिल्यांदा मांडला. सहावी-सातवीची ६४२ पोरं घेतली, अर्धी वरच्या जातींची, अर्धी दलित. त्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, जितकी सोडवाल तितके पैसे. जिथे कोणाची जात सांगितली नाही तिथे दोन्हीकडच्या पोरांत फरक असा काही दिसलाच नाही. आणि जिथे सुरुवातीला सगळ्यांसमोर एकेकाचं नाव, बापाचं, आजोबाचं नाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली, तिथे दलित पोरं मागे पडली. तीच कोडी, तसेच पैसे, तशीच पोरं, फक्त एक यादी वाचली.

मी हे ऐकून उठून अंगणात गेली. बराच वेळ तिथेच होती. माझ्या पोरीला वाटलं तब्येत बिघडली. तब्येत नव्हती बिघडली, मला सगळं एकदम दिसलं, तरटपट्टी, गुरुजींचा रजिस्टर, मैत्रिणीचं सरकणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझाच आवाज. कारण मी शिक्षिका झाल्यावर काय केलं? दरवर्षी तेच केलं. "पोडावरची पोरं हात वर करा," "एससीच्या मुली इकडे या, उपस्थिती भत्त्याच्या सह्या घ्यायच्या आहेत." दिवसाला एक रुपया भत्ता, आणि त्या एका रुपयासाठी मी लेकरांना वर्गासमोर वेगळं उभं करत होती. एक पोरगा होता, हात पूर्ण वर करायचा नाही, कानापर्यंतच न्यायचा, बोटं मिटलेली. मी म्हणायची नीट वर कर, दिसत नाही. जोरात बोल म्हणणारे माझे गुरुजी आणि मी, काय फरक होता? तो पोरगा सातवीनंतर शाळेत आला नाही. ढोरं राखतो असं ऐकलं.

संपादक साहेब, मला माहीत आहे एका यादीनं सगळं होत नाही. भरती पाहिजे, पहिल्या दोन वर्गांत कोलामी-गोंडी बोलणारं माणूस पाहिजे मग ते पोडावरचं दहावी झालेलं का असेना, कमी पटाच्या नावाखाली पोडाजवळच्या शाळा बंद करायला नको कारण सहा वर्षांचं लेकरू पावसाळ्यात नाला ओलांडून चार किलोमीटर जाणार नाही, त्याची आई जाऊ देणार नाही आणि तिचं बरोबर आहे. हे सगळं पैशाचं आणि मंत्रालयाचं काम आहे, आणि त्यासाठी भांडणारे भांडत आहेत, मी पण मोर्च्यात जाते. पण यादी वाचणं बंद करायला जीआर लागत नाही, पैसा लागत नाही, केंद्रप्रमुखाची परवानगी पण लागत नाही.

गेल्या जुलैपासून मी काय करते ते सांगते, कोणाला उपयोगी पडलं तर पडेल. फॉर्मची माहिती जनरल रजिस्टरमध्ये असतेच, जात लेकराला विचारायची गरजच नसते, आपण सवयीनं विचारतो. मी शाळा सुटल्यावर बसून फॉर्म भरते. सही पाहिजे असते आईबापाची, तर ती लेकराच्या हातून घरी पाठवायच्या ऐवजी मी महिन्यातून एक संध्याकाळ पोडावर जाते, तिथे कडुनिंबाखाली बसते, सह्या-अंगठे घेते, सोबत चहा होतो, बायका बोलतात, कोणाचं लेकरू का येत नाही ते तिथेच कळतं. पहिल्या वेळी दोनच बाया आल्या होत्या, दुरून उभ्या होत्या. आता चटई टाकून ठेवतात. ज्या बाईनं मला लहान्याची रोजी कायले बुडवू विचारलं होतं तिनं मागच्या महिन्यात अंगठा दिला आणि विचारलं, "त्याले सतराचा पाढा येते, तुमाले म्हणून दाखवाले लावू का?" आणि त्या लहान्यानं चुलीच्या उजेडात पूर्ण म्हटला, सतरा साती एकशे एकोणीस, न अडकता. तो अजून रोज शाळेत येत नाही. आठवड्यातून तीन दिवस येतो.

पत्र छापायचं झालं तर शाळा सुरू व्हायच्या आधी छापा ही विनंती, जुलैमध्ये फॉर्म सुरू होतात आणि तेव्हा पुन्हा सगळ्या वर्गांत याद्या निघतात.

आपली,
एक जिल्हा परिषद शिक्षिका
ता. केळापूर, जि. यवतमाळ